तुरटीचे पाणी चुकलेली मूठ

मी एक जुनी मूठ आहे, म्हशीच्या हाडाची. मित्रांनो, नाक मुरडू नका! नंदुरबारच्या नजीर कारागिराने मला इतके उकळले आणि वाळवले, की अंगात चरबीचा थेंब उरला नाही. मग कानशीने त्याने माझ्यावर आडवेउभे चरे पाडले. तुळशीबाई सुईण होती. तिच्या सुरीची जुनी लाकडी मूठ ओल्या हातातून निसटायची, म्हणून तिने मला मुद्दाम घडवून घेतले.

शेवटी लाखेचा लाल रंग चढला. मी अशी खुलले, की विचारू नका! रंग पक्का व्हायला मला तीन दिवस तुरटीच्या पाण्यात बसायचे होते. पण त्याच सकाळी नजीरच्या बायकोला, सालेहाला, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. तिची पहिलीच खेप. नजीरने मला घाईघाईत तसेच सुरीला बसवले आणि तुळशीबाईच्या हाती दिले.

सुरी उकळल्याशिवाय ती नाळेला लावायची नाही, ही तुळशीबाईची रीत. उकळत्या पाण्यात माझा सगळा तोरा उतरला. पाणी बिघडले म्हणून तिने दार उघडून ते बाहेर ओतले. उंबऱ्याशी उभ्या नजीरला दिसले ते लालभडक पाणी. त्याने हंबरडा फोडला.

"तुळशीमाय, मन्ही सालेहा गई का वं?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तुळशीबाईने मला त्याच्या नाकासमोर धरले. "अरे येड्या, हाई रगत नही, तुन्हा रंग शे! तुरटी दिधी व्हती का?"

नजीर रडता रडता हसू लागला. ती नवे पाणी ठेवायला आत गेली. थोड्या वेळाने बाळ रडले. नाळ मीच कापली, आणि तेलकट हातातूनही जराही निसटले नाही.

"पोर व्हयनी!" आतून हाक आली. "मायबी बरी शे!"

दुसऱ्या दिवशी नजीरने मला तुरटीत बसवले, तीन नव्हे, चांगले पाच दिवस. फिका गुलाबी रंग उरला होता, तेवढा टिकला.

पुढे कितीतरी बाळे माझ्या हातून सुटी झाली. मग तुळशीबाई थकली, दवाखान्यात कात्र्या आल्या आणि मी कोनाड्यात धूळ खात पडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण एक दिवस रजिया आली आणि तिने मला तुळशीबाईकडून मागून घरी नेले. रजिया म्हणजे नजीरची तीच पोर.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना धुऊनपुसून जपा, आणि हातचे काम कच्चे सोडू नका. रजिया मला दर ईदेआधी कोमट पाण्यात धुते. म्हातारा नजीर काठी टेकत येतो आणि आधी त्या पाण्यात वाकून बघतो. पाणी स्वच्छ असते. तेव्हा कुठे तो रजियाच्या डोक्यावर हात ठेवतो.