आजोबांचा मुका लॅपटॉप

मित्रांनो, मला हात लावायचा असेल तर खुशाल लावा, पण झाकण एका कोपऱ्याला धरून उचलू नका. बिजागरी दुखते हो! मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना आणि जाडा. आजकालचे लॅपटॉप दप्तरात वहीसारखे सरकतात. मला ठेवलं की दप्तराची चेनच लागत नाही. माझा पंखा सुरू झाला की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी विचारतं, "मिक्सर लावलाय का?" हसा, हसा. मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण पंखा फिरवून मी तो बाहेर काढतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. निळे हातमोजे घातलेल्या बायका ओळीने बसायच्या. एकीने पडदा बसवला, एकीने स्क्रू पिळले, आणि शेवटच्या बाईने माझं एकूणएक बटण दाबून पाहिलं. तिचा चेहरा मला आठवत नाही, कारण कॅमेरा तेव्हा बंद होता. बोटं मात्र आठवतात. मग मला खोक्यात घातलं आणि मी जगात आलो.

माझी पहिली नोकरी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात होती. तिथल्या इंजिनीअरबाई मला घेऊन गल्लोगल्ली फिरायच्या. जीपच्या बॉनेटवर मला उघडायचं आणि रस्त्याखालून कुठली पाइपलाइन कुठे वळते ते माझ्यावर काढायचं, असा आमचा धंदा. डोळ्यांत धूळ, पाठीवर ऊन. पण मी एकदाही रुसलो नाही. बाई सगळ्यांना सांगायच्या, "ह्याला काही होत नाही. दणकट आहे." हे ऐकलं की माझी छाती अशी फुगायची म्हणून सांगू!

मग एक दिवस कुणाचा तरी कोपर लागला आणि चहाचा अख्खा ग्लास माझ्या अंगावर सांडला. बाईंनी मला दोन दिवस पंख्याखाली उलटं टांगून वाळवलं. मी वाचलो, पण माझा आवाज गेला तो गेलाच. पुढे कार्यालयात नवे लॅपटॉप आले, बाईंची बदली झाली आणि मी लोखंडी कपाटात गेलो. शेजारी वायरींचं भेंडोळं आणि एक मोडका स्टेपलर. तीन वर्षं कुणी कपाट उघडून माझी साधी चौकशी केली नाही. शेवटी अडगळ म्हणून मला दुरुस्तीच्या दुकानात विकून टाकलं.

दुकानदाराने मला झाडूनपुसून काउंटरवर ठेवलं, ते नेमकं एका नव्याकोऱ्या, चकचकीत लॅपटॉपच्या शेजारी. माझं काय झालं असेल, विचार करा. तेवढ्यात एक आजी-आजोबा आत आले. आजोबांच्या गळ्याभोवती रुमाल होता. त्यांनी तीस वर्षं बसस्थानकावर माइकवरून घोषणा केल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुणाचं पोर हरवलंय, सगळं ते सांगायचे. आता घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. बोलायचं ते वहीत लिहून दाखवत. पण वहीतलं अक्षर आजींना लागत नव्हतं, म्हणून लॅपटॉप हवा होता.

"नवा घ्या की," दुकानदार म्हणाला. "हलका आहे, भराभर चालतो."

आजींनी दोघांचीही बटणं दाबून पाहिली. "ह्यांची बोटं जड आहेत हो. दार ठोकल्यासारखं टाइप करणार. हा नाजूक आहे, महिन्यात मान टाकेल. हा जाड्या सोसेल."

"पण आजी, ह्याचा आवाज गेलाय. ह्या मॉडेलचा स्पीकर आता मिळतही नाही."

आजोबांनी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि आजींसमोर धरलं. आजी डोळे बारीक करून वाचू लागल्या आणि खुदकन हसल्या. "म्हणतायत, मग आमची जोडी जमेल."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कुठले असं विचाराल, तर ते तिथून सुरू झाले. मी खिडकीजवळच्या टेबलावर राहू लागलो. आजोबा दोन बोटांनी ठोकून ठोकून लिहायचे आणि झालं की टेबलावर दोनदा टकटक करायचे. मग आजी हातातलं काम टाकून, ओले हात पुसत यायच्या, शेजारच्या खुर्चीत बसायच्या आणि वाचायच्या. मोठ्याने. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक एकवर भूक येऊन उभी आहे." शेवटच्या शब्दाआधी क्षणभर थांबायचं, मग तो सावकाश सोडायचा, आजोबांचा तो ठेका तीस वर्षं ऐकून आजींच्या गळ्यात आपोआप उतरला होता. आजोबा डोळे मिटून ऐकायचे.

आता एक खरी गोष्ट सांगतो. आजी जसंच्या तसं कधीच वाचत नसत. एकदा वायरमन तीन दिवस उशिरा आला. आजोबांनी लिहिलं, "तीन दिवस कुठे तडमडला होतास?" आजींनी वाचलं, "विचारतायत, तब्येत बरी आहे ना? तीन दिवस दिसला नाहीत." आजोबांनी टेबलावर मूठ आपटली, अक्षरं भलीमोठी केली आणि माझा पडदा सरळ वायरमनकडे वळवला. आजींनी पटकन माझं झाकण लावलं. "अगंबाई, बॅटरी संपली वाटतं!" बॅटरी चांगली भरलेली होती. पण मी कशाला बोलतोय?

अशी चार वर्षं गेली. हळूहळू मी थकलो. बॅटरीने मान टाकली, वायर काढली की मी बेशुद्ध. सुरू व्हायला मला इतका वेळ लागे की आजोबांचा राग मधल्यामध्ये निवून जाई. एक दिवस त्यांची लेक आली ती नवा लॅपटॉप घेऊनच. "बाबा, ह्यात लिहायचं आणि हे बटण दाबायचं. तो स्वतः बोलतो! दुकानदाराने चार दिवस वापरायला दिलाय. पटला तर हा जुना देऊन टाकायचा, नाही पटला तर नवा परत."

आजोबांनी लिहिलं, बटण दाबलं. "नमस्कार," नवा लॅपटॉप म्हणाला. स्वच्छ, खणखणीत आवाज. आजोबांचे डोळे भरून आले. किती वर्षांनी त्यांचा शब्द त्यांच्याच हातून खोलीत उमटला होता! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांचा चेहरा पाहून मी म्हटलं, जाऊ दे जाड्या, तुझी पाळी संपली.

दुसऱ्या दिवशी आजींचा भाऊ आला. माणूस फार चांगला, पण बोलायला बसला की उठायचं नाव नाही. गुडघेदुखीची गोष्ट तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा आजोबांनी सवयीने आजींसाठी लिहिलं आणि सवयीनेच बटण दाबलं. माझ्यावर लिहिलेलं असं काही आजी मनातच वाचत आणि गुपचूप उठून चहा ठेवत. नव्याला ते कुठून ठाऊक? तो खणखणीत आवाजात म्हणाला, "अगं, चहा पाज आणि पिटाळ ह्याला."

भाऊ उठला, चप्पल घातली. "येतो ताई." चहा तसाच राहिला. आजोबांनी घाईघाईने लिहिलं, पण नवा "माफ करा" म्हणेपर्यंत दार लागलं होतं.

आजी स्वयंपाकघरात गेल्या.

थोड्या वेळाने नवा म्हणाला, "चुकलं."

"ऐकलं," आतून उत्तर आलं. आजी मात्र बाहेर आल्या नाहीत.

तो दिवस आणि पुढचा अख्खा दिवस घरात असंच चाललं. "पाणी." "आणते." "किती वाजले?" "साडेचार." नव्याचा आवाज घरभर पोचत होता, त्यामुळे कुणाला जवळ यायची गरजच उरली नव्हती. शेजारची खुर्ची रिकामी होती. आजोबा तिच्याकडे बघत बसायचे. मी शेल्फवरून बघत होतो, आणि माझा जीव नुसता तुटत होता.

चौथ्या दिवशी लेक आली. तिने मला पिशवीत घातलं, वायर गुंडाळून वर ठेवली. "बाबा, नक्की ना? देऊन येते ह्याला."

आजोबा उठले. त्यांनी पिशवी तिच्या हातून घेतली, मला टेबलावर ठेवलं, वायर जोडली. मी सुरू व्हायला लागलो. पंखा घरघरला. लेक घड्याळ बघू लागली. मित्रांनो, तेव्हा मी जेवढी घाई केली तेवढी जन्मात केली नसेल! शेवटी पडदा उजळला आणि आजोबांनी ठोकून ठोकून दोन ओळी लिहिल्या. मग टेबलावर टकटक केली.

आतला नळ बंद झाला. मग आजी हात पुसत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"तो बोलला की तू आतूनच उत्तर देतेस," त्यांनी मोठ्याने वाचलं. पुढची ओळ आली तशा त्या माझ्या पडद्याकडे वाकल्या. त्यांनी ती मनातच वाचली. माझ्यावर लिहिलं होतं, "मला तू इथे शेजारी हवी आहेस."

"काय लिहिलंय गं आई?" लेकीने विचारलं.

आजींनी डोळे पुसले. "म्हणतायत, तुझ्या मामाला उद्या जेवायला बोलवा."

आजोबांनी टेबलावर मूठ आपटली आणि आवाज न करता इतके हसले, इतके हसले की माझा पडदा हलायला लागला. नवा लॅपटॉप त्याच संध्याकाळी परत गेला.

त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, मित्रांनो. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी मान्य करतो. मी काही कायमचा पुरणार नाही. हल्ली माझा पंखा मध्येच अडखळतो. मी थांबलो तर नवा जरूर आणा, अगदी सगळ्यांत नवा आणा. माझी एकच विनंती आहे. त्याचा आवाज लहान ठेवा. इतका लहान, की ऐकायला कुणाला तरी शेजारी येऊन बसावं लागेल.