खणातला ऑक्सिमीटर

आईनं पुण्याहून धाडलेला ऑक्सिमीटर खणातून कधीचा गायब असल्याचं सोमवारी कळलं, आणि प्रमिलाच्या मनात पाल चुकचुकली. घरात माणसं तीनच. ती, लेक मैत्री आणि एफुआ.

एफुआ ही मैत्रीची नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या विद्यापीठातली मैत्रीण. आईबाप घानाचे, पोरगी जन्मली इथेच, हार्लेमला. लॉकडाउनात हॉस्टेल ओस पडलं, तशी मैत्री तिला घरी फोरबर्गला घेऊन आली. ‘मावशी, मावशी’ करत चार दिवसांत रुळली. पण बाई गं, तिच्या एकेक तऱ्हा! दुकानातून आली की पिशवी उघडी धरून दारात उभी. फ्रिज उघडायचा तरी आधी मोठ्यानं सांगणार. झोप नाही, बेल वाजली की छातीवर हात.

“आई, तिला बरं नाहीये. तिला फक्त आपल्याकडेच शांत वाटतं,” मैत्री सांगून थकली. पण मन चिंती ते वैरी न चिंती! काहीतरी लपवतेय कार्टी, प्रमिलानं ठरवूनच टाकलं. सापडलं, तर तिची रवानगी हार्लेमला.

मंगळवारी दुपारी पोरी फिरायला गेल्या. एफुआची बॅग स्वयंपाकघरातल्या खुर्चीलाच लटकत होती. प्रमिलानं चेन ओढली. वरच ऑक्सिमीटर! आणि खाली एक वही.

‘सुपरमार्केट, गार्ड मागेमागे: ११८. ट्रेन, डब्यात फक्त माझंच तिकीट तपासलं: १२४. ऑनलाइन वर्ग, सर म्हणाले तुझं डच छान आहे: १०९.’ पानंच्या पानं नाडीचे ठोके. शेवटी मात्र रोज एकच ओळ: ‘मावशींचं स्वयंपाकघर: ७२.’

मागं कुणीतरी होतं. एफुआ मास्क विसरली म्हणून परत आली होती. ती चिडली नाही. खाली बसली आणि बॅगेतली एकेक वस्तू फरशीवर मांडू लागली. पाकीट, चाव्या, कंगवा. हाताला सवय होती.

“मैत्रीला विचारून घेतला होता, मावशी. छातीत धडधडतं म्हणून.”

प्रमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्याच्या हॉस्टेलात कुणाचंसं घड्याळ हरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी तिची ट्रंक उघडली होती. आडनाव कळलं होतं ना सगळ्यांना! तीही अशीच खाली बसून ट्रंकेतला एकेक कपडा बाहेर काढून दाखवत होती. आणि आज तिनंच...

“चुकलं गं माझं,” ती म्हणाली. एफुआनं ऑक्सिमीटर बोटाला लावला. १३१. पेन्सिल धरायला गेली, तर ती निसटून प्रमिलाच्या पायाशी आली.

प्रमिलानं वही आपल्याकडे घेतली.

“सांग, मी लिहिते.”

“आधी जागा लिहायची,” एफुआ म्हणाली.

प्रमिलानं लिहिलं: ‘मावशींचं स्वयंपाकघर.’