धाकू मुकादमाचे दगड

“आनी कोणाची वाट बघतात तुमी? वरात आसा काय ही?” धाकू मुकादमाने तिसऱ्यांदा घंटी वाजवली.

डिचोलीच्या बाजाराच्या तोंडाशी तीस-पस्तीस सायकली उभ्या होत्या. रविवारचे सकाळचे साडेसहा वाजले होते. पोस्टातला कारकून, बँकेतल्या दोघी, घरोघर उंडे-पाव विकून रिकामी टोपली मागे बांधलेला पोदेर, हायस्कुलातल्या पाच-सहा मुली असे सगळे जमले होते आणि सगळ्यांचं चहा पिणं काही संपत नव्हतं. धाकूला हे मुळीच खपत नसे. एकसष्ट वर्षांचा माणूस, रस्ता खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, पण पायाची भिंगरी काही थांबत नव्हती. घरात बसला तर रस्त्याकडे बघून चडफडे, आणि रस्त्यावर आला की लोक हळू चालतात म्हणून चडफडे. त्याची बायको शेवंती म्हणायची, ह्या माणसाला देवाने बसायचा सांधाच दिलेला नाही.

ही रविवारची फेरी काढली होती सुमनबाईंनी. त्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या मागच्या शेडमध्ये मुलींच्या शंभर सायकली लागत, आता जेमतेम सहा. खाणी जोरात होत्या. सकाळपासून खनिजाचे ट्रक एकाच्या शेपटीला एक असे धावत. मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी ट्रकला वाट देताना गटारात पडली, तिचा हात मोडला, आणि आठवडाभरात गावोगावच्या आयांनी सायकली कुलपात घातल्या. बाईंचं मागणं साधं होतं. बाजारापासून हायस्कुलापर्यंत डांबराच्या कडेने दोन हात रुंदीची पट्टी द्या, सायकलवाल्यांना तेवढी पुरे. ट्रक कमी असतात त्या वारी सगळ्यांनी मिळून सायकली काढायच्या, नार्व्याच्या बाजूला जाऊन परत यायचं, म्हणजे लोकांच्या आणि सरकारच्या नजरेस तरी येईल. सगळ्यांच्या पुढे धाकू असायचा, कारण त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्याच्या ओळखीचा होता.

त्या दिवशी निघण्यापूर्वी बाईंनी पिशवीतून एक कागद काढला.

“आयका मरे सगळे! सरकारचां पत्र इलां. गुरुवारी सायब मोजणीक येतासा. सरकारी हद्दीत जागो मेळलो तर पट्टी देतले म्हणान लिवलां!”

लोकांनी घंट्या वाजवून बाजार दणाणून सोडला. पोदेराने पों पों करून आपला रबरी भोंगाही वाजवून घेतला.

“आनी हद्दीचे दगड दाखवूक आपले धाकूबाब आसतच,” बाई म्हणाल्या. “तेंचेपरस जास्त कोणाक म्हायत आसा?”

धाकूने मान डोलावली. निघताना मात्र त्याचा पाय पॅडलवरून सटकला. त्या रविवारी तो पहिल्यांदाच सगळ्यांच्या मागे राहिला. कोणीतरी विचारलं तर म्हणाला, चेन सैल झाली आहे. चेन चांगली घट्ट होती.

धाकूचं घर ह्याच रस्त्यावर, हायस्कुलाच्या अलीकडच्या वळणावर होतं. तिथे नऊ घरं एका रांगेत होती, आणि नऊही घरांचे कुंपणाचे गडगे, पायऱ्या, फाटकं एका सरळ रेषेत. दोरी धरून आखल्यासारखी ती रेष होती, आणि दोरी खरोखरच धरलेली होती. ती धाकूनेच धरली होती.

पस्तीस वर्षं झाली त्या गोष्टीला. गोवा सुटून दहाएक वर्षं झाली होती, धाकू नुकताच टोळीचा मुकादम झाला होता आणि शेवंती नुकतीच लग्न होऊन आली होती. घराच्या पायरीला रस्ता लागलेला. दार उघडलं की रस्ता. शेवंतीने बाकी कशाचीच तक्रार केली नाही, एवढंच विचारलं, “आंगण नाय तर तुळस खंय घालू?” तुळशीवाचून घर म्हणजे काय, हे धाकूलाही कळत होतं. एका दुपारी टोळीची माणसं जेवून आंब्याखाली आडवी झाली होती. धाकूने पहार घेतली, घरासमोरचे हद्दीचे तीन दगड उपटले आणि अडीच हात रस्त्याच्या दिशेने पुढे नेऊन पुरले.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या वर्षी जमिनीचे नकाशे करणारी माणसं येणार असं कळलं आणि धाकूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं एकट्याचं अंगण दातासारखं पुढे आलेलं दिसत होतं. मग त्याने दोन दुपारी खपून त्या वळणावरचे सगळेच दगड दोरीत आणून ठेवले. नकाशावाल्यांनी विचारलं, “हद्द खंय?” आणि धाकूने दाखवली. ती कागदावर चढली. मुकादमाने ठेवलेला दगड म्हणजे सरकारने ठेवलेला, असा तेव्हाचा हिशेब. शेजाऱ्यांनी त्या दगडांना धरून गडगे घातले. लगतच्या घरातल्या भिकाजीने दुकान काढलं, त्याची पायरी दगडाला टेकवून बांधली. कोणाला कसलाच संशय आला नाही. दगड कोणी हलवत नसतं, आणि मुकादम तर नाहीच नाही.

सोमवार, मंगळवार धाकूने सायकलवर काढले. घरी आला की पुन्हा निघे. पाळी गावापर्यंत जाऊन आला, तिथे त्याचं काही काम नव्हतं. मागून ट्रक हॉर्न देत तेव्हा तो गटाराच्या काठावर चाक धरून उभा राही. त्या नववीतल्या मुलीचा हात मोडला ती जागा त्याच्या घरापासून चाळीस पावलांवर होती. अडीच हात, त्याच्या मनात येई. तिला अडीच हातच हवे होते. मग तो पुन्हा सायकल हाणू लागे, जणू पुढच्या वळणावर हा विचार मागे राहणार होता.

बुधवारी संध्याकाळी शेवंती तुळशीपाशी दिवा लावत होती. धाकू अंगणात या गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत चालत होता.

“बसा तरी खंयतरी,” ती म्हणाली. “माका घेरी येता तुमका बघून.”

“फाल्यां मोजणी आसा.”

“मगे दगड दाखवा आनी या घराक.”

“दगड खोटे आसत, शेवंती.”

त्याने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. तिला आजवर हे ठाऊक नव्हतं. अंगणाची जागा मोजणीत आपल्याकडे आली, एवढंच त्याने तेव्हा सांगितलं होतं. तिच्या हातातली काडी विझली.

“म्हणजे पस्तीस वर्सां मी चोरीच्या जाग्यार पाणी घालतंय?”

“तुझ्यासाठीच केललंय.”

“माजां नाव घालू नकात हेच्यात!” ती एवढ्या जोरात ओरडली की भिकाजीच्या दुकानातून कोणीतरी वाकून बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “मी आंगण मागललंय. चोरूक नाय सांगललंय. आमकां आंगण नाय म्हणान सांगतास तर मी मागल्यादारी घातलंय आसतंय तुळस. माका इचारलात?”

आयुष्यात इतकी लाज धाकूला कधी वाटली नव्हती. शेवंती आत गेली, तिने त्याचं ताट वाढून ठेवलं आणि ती मागच्या दारी जाऊन बसली.

गुरुवारी दहा वाजता मोजणीचे साहेब आले. तरुण होते, सभ्य होते, घाईत होते. दोन माणसांनी फीत धरली. बाई शाळेतून तासाभराची सुटी काढून आल्या होत्या, वाड्यावरचे लोक गडग्याला टेकून बघत होते. बाजारापासून वळणापर्यंत सगळीकडे जागा निघाली, कुठे तीन हात, कुठे चार. बाईंचा चेहरा फुलत चालला होता. वळणावर साहेबांनी नकाशा उघडला, धाकूने पायाने गवत बाजूला करून दगड दाखवला. फीत ताणली. डांबर आणि दगड यांच्यामध्ये एक हातही जागा नव्हती.

“इथे अडलं,” साहेब म्हणाले. “ह्याच्या पलीकडे खाजगी जमीन. मध्येच तुटलेली पट्टी मंजूर होत नाही, बाई. वळणावरच सायकली डांबरावर आणायच्या म्हणजे उलट जास्त धोका. मला प्रतिकूल शेरा द्यावा लागेल.”

“दुसरो कायच उपाय नाय?”

“जमीनच नाही, तर उपाय कसला?”

बाईंनी हातातल्या कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणखी लहान केली. “बरां,” त्या म्हणाल्या. “आमी इचारलां तरी.” आणि तोंड फिरवून सायकलीचं कुलूप काढू लागल्या. किल्ली काही लागेना.

धाकूने ते पाहिलं. आता गप्प राहिला असता तर कोणाला कधीही कळलं नसतं.

“थांबा, सायबा,” तो म्हणाला. “दगड खोटे आसत. मीच हलयले ते. ह्या नऊव घरांचे.”

भिकाजी दुकानातून ताडकन बाहेर आला.

“धाकू, तोंड आवर! पिसो झालंस काय? माजी पायरी आसा थंय!”

“तुजी पायरी रस्त्यात आसा, भिकाजी. माजां आंगणव रस्त्यात आसा. चूक तुजी नाय, माजी.”

“चूक तुजी आनी पायरी माजी मोडू?”

सगळेच एकदम बोलू लागले. कोणी म्हणालं, म्हातारा सायकलच्या नादाने बिघडला. कोणी म्हणालं, पेन्शन खाऊन आता दुसऱ्यांची घरं मोडायला निघाला. साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. त्यांनाही हे नको होतं.

“हे बघा आजोबा, नकाशा ह्या दगडांवरूनच झालाय. कागदावर जमीन तुमची, ह्या सगळ्यांचीही. तुमच्या तोंडी बोलण्याने ती सरकारची होत नाही. तुम्ही सर्वांनी आपखुशीने सोडलीत, तर मी फेरविचार करीन.”

ते गेले. बाई धाकूपाशी आल्या, त्याच्या दंडाला हात लावून शाळेकडे गेल्या.

त्या संध्याकाळी धाकू आठही घरी हात जोडून जाऊन आला. दोन घरी त्याला पाणी मिळालं. हो कोणीच म्हणालं नाही. भिकाजीने तो पायरीवर यायच्या आतच दार ओढून घेतलं. पस्तीस वर्षं दोघे एकमेकांच्या घरच्या चतुर्थीला बसत आले होते.

शुक्रवारी उजाडताच शेवंतीने भटजींना बोलावून आणलं. पूजा झाली. तिने स्वतःच्या हाताने तुळस मुळांसकट काढली, पदराने माती धरली आणि मागच्या दारी विहिरीपाशी नेऊन लावली. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. धाकूने पहार घेतली आणि आपला गडगा मोडायला सुरुवात केली. मदतीला कोणी आलं नाही आणि त्याने कोणाला हाकही मारली नाही. शनिवारी दिवसभर त्याने तिथे मुरूम टाकला, पाणी मारलं, धुमसाने ठोकला. काम त्याच्या हातचं होतं, पट्टी सरळ आणि घट्ट झाली. घराच्या रुंदीएवढी, बारा पावलं लांब.

रविवारी तो फेरीला गेला नाही. दारात उभा राहिला. सात वाजता वळणावर घंट्या ऐकू आल्या. पुढे सुमनबाई होत्या. घरासमोर येताच त्यांनी सायकल डांबरावरून खाली घेतली आणि पट्टीवरून नेली. मागून बँकेतल्या दोघी उतरल्या, पोस्टातला कारकून, पोदेर, मग मुली. कोणी हसलं नाही. बारा पावलांवर पट्टी संपून भिकाजीची पायरी लागत होती. तिथे प्रत्येकाला थांबून, पाय टेकून पुन्हा डांबरावर चढावं लागत होतं.

शेवंतीने बुधवारपासून धाकूशी एक शब्द काढला नव्हता. ती आतून हात पुसत आली, त्याच्याकडे न बघताच त्याच्या बाजूने रस्त्यापर्यंत गेली आणि भिकाजीच्या पायरीपाशी उभी राहिली. मान वळवून मागून ट्रक येतो का ते तिने बघितलं, आणि एक हात आडवा धरून दुसऱ्या हाताने मुलींना एकेक करून डांबरावर घेऊ लागली.