उंदरांच्या पोटातले भाडेकरू

मिरानने आपल्या सगळ्या उंदरांना हगवणीचा विषाणू पाजला होता. निम्म्यांच्या लेंड्यांत तो भरभरून सापडला, उरलेल्या निम्म्यांत मागमूस नाही. कोरियातल्या देजॉन शहरातल्या त्या प्रयोगशाळेत याचा अर्थ एकच निघाला: बाईंनी निम्म्यांना पाजलंच नाही.

प्राध्यापक नाम ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत, तेच वाईट.

"सणाहून दमून आला असाल, मिरान. हात चुकतो माणसाचा. चुकला असेल तर सांगून टाका."

"नाही चुकला, सर."

"मग?"

 मिरानचा नोकरीचा करार महिनाअखेर संपत होता, आणि थापा मारणाऱ्या बाईचा करार कोण वाढवतं? उंदरांच्या इवल्या घशांत नळी सरकवता सरकवता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते.

शेजारच्या टेबलावरची चुनसुक वयाने मोठी, तोंडाने फटकळ.

"ताई, सगळ्यांना पाजलंय गं मी. एकाच बाटलीतलं."

"मग त्या निम्म्यांत वेगळं काय ते शोध. रडायला अख्खी संध्याकाळ पडलीये."

मिरान पिंजऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिला छुसक सणाच्या सुट्टीआधीची धांदल आठवली. पूर्वजांच्या पूजेला जो तो गावी निघालेला. मागे राहणाऱ्याला पाण्याच्या बाटल्या कमी भराव्या लागाव्यात म्हणून प्राध्यापकांनीच सांगितलं होतं, "जागा असेल तिथे दोन पिंजरे एक करा." तिचे निम्मे उंदीर तेव्हा इथल्याच जुन्या उंदरांच्या घरात राहायला गेले होते. आणि उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. त्यांची रीतच ती. लेंडीबरोबर आतड्यांतले जिवाणूही या पोटातून त्या पोटात बिऱ्हाड हलवतात. त्यातलंच कुणीतरी विषाणूला दारातच अडवत असणार.

प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे घोळ माझा."

"मी तसं म्हणाले नाही, सर."

"मनात म्हणालात."

उंदरांची नवी खेप आली. निम्म्यांना तिने जुन्या उंदरांच्या लेंड्या कालवलेलं पाणी पाजलं, त्यातले जिवाणू पोटात रुजू दिले. मग सगळ्यांना विषाणू, एकाच बाटलीतला. या वेळी प्राध्यापक हाताची घडी घालून शेजारीच उभे होते.

तपासणीच्या सकाळी विषाणू मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर साध्या उंदरांच्या रेषा सरसर वर चढल्या. लेंड्यांचं पाणी प्यायलेल्यांच्या तळाशीच आडव्या पडून राहिल्या.

"लागण नाही! ताई, यांना लागणच नाही झाली गं!" मिरानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"लोक पोरांच्या निकालाला रडतात," चुनसुक नाक पुसत म्हणाली, "ही बया लेंड्यांना रडतेय."

प्राध्यापकांनी पडदा दोनदा पाहिला, मग घसा खाकरला. "तुम्हाला मी उगाच बोललो. आता यातला नेमका कुठला जिवाणू विषाणूला अडवतोय, ते शोधायला वर्ष तरी लागेल तुम्हाला."

"माझा करार महिनाअखेरपर्यंतच आहे, सर."

"म्हणून तर वर्ष म्हणालो."

मिरान स्टुलावर बसली. आपण इतके दिवस खांदे आवळून वावरत होतो, हे तिला ते सैल पडल्यावर कळलं.