दिवा विझलेला असताना

खेळण्यातल्या घुबडाच्या पोटावरचा दिवा हरभऱ्याएवढा होता. पोट दाबलं की तो हिरवा होई, बोट उचललं की लगेच विझे. दिवा लागलेला असेल तेव्हाच घुबड ऐकतं, असं स्टुडिओतून सांगितलेलं होतं. मुलुखियाच्या भाजीची पानं देठापासून खुडताना सुहैर त्या दिव्याकडे बघत होती. तो विझलेला होता.

टेबलापलीकडे सहा वर्षांची रीमास टॅब्लेटवर वाकली होती. खेळातल्या जंगलाची नदी पार झाली तशी ती ओरडली, "हे नूरे, अवलोकन कर! मी सरिता ओलांडली आहे!"

कार्टूनमधली सगळी पात्रं पुस्तकी अरबी बोलत, म्हणून अम्मानमधली पोरंही खेळताना तशीच बोलत.

"मग त्याच सरितेत हात धुऊन ये. जेवायचंय," सुहैर म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस ना, आई. मी नूराशी बोलतेय."

सुहैर हसली. नूरा तीच होती. कार्टूनमध्ये, मग खेळण्यांत, मग व्हिडिओ गेममध्ये, नूरा घुबडाचा आवाज कितीतरी वर्षं तिचाच होता. रीमास पूर्वी झोपताना हट्टाने तिला तो आवाज काढायला लावी. हे नवं घुबड चाचणीसाठी घरी आलं आणि एका रात्री ती म्हणाली, "तू नको. खरी नूरा."

हे घुबड खेळाशी जोडलेलं होतं आणि मुलाने काहीही विचारलं तरी उत्तर देई. उत्तरं यंत्र जुळवी. आवाज सुहैरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून घडवलेला. तो कायमचा वापरायला तिचा होकार तेवढा बाकी होता. रमजानपासून ती तो पुढे ढकलत होती.

फोन वाजला. निर्माते उस्ताद निदाल होते; रिवाजाप्रमाणे ते तिला उम्म रीमास, म्हणजे रीमासची आई, म्हणत.

"काय उम्म रीमास, नवरी मुलगीसुद्धा इतके आढेवेढे घेत नाही! अहो, उद्या तुमचा घसा बसेल, तुम्ही म्हाताऱ्या व्हाल. नूरा होणार नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नूरा दुसरी कुणीतरी होईल. पोरं चार दिवस कुरकुरतील आणि विसरतील. तुम्हालाच चुकल्यासारखं होईल."

"थोड्या वेळाने सांगते."

गल्लीत गॅसच्या गाडीची धून शिरली. सुहैर बाल्कनीत गेली, गाडीवाल्याला हात केला आणि रिकामा सिलिंडर दाराकडे सरकवत आणला. पॅसेजमध्येच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"फरशीवर अनवाणी पाय टेकू नकोस, यम्मा. पोटात गारठा शिरेल."

तिचा हात सिलिंडरवर तसाच राहिला.

यम्मा म्हणजे आई. सुहैरच्या माहेरी आई लेकरालाही त्याच शब्दाने हाक मारते. स्टुडिओत पहिल्या वर्षी तिच्या जिभेवरची खेडवळ बोली घासूनपुसून काढली होती. हा शब्द तिने मायक्रोफोनसमोर एकदाही उच्चारला नव्हता. उच्चारला होता तो फक्त या घरात.

ती खोलीत आली. रीमास आता खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. घुबडाचा दिवा विझलेला होता.

"नूरा तुला काय म्हणाली?"

"यम्मा म्हणाली. तुझ्यासारखंच."

"तू पोट दाबलं होतंस?"

"दाबायला कशाला लागतं? ती आपली आपण बोलते. तू आत गेलीस की."

"आणखी काय काय बोलते?"

रीमासने आधी घुबडाकडे पाहिलं. मग हनुवटी वर करून ती म्हणाली, "ते मी कथन करणार नाही. मी वचन दिलेलं आहे."

या वेळी सुहैरला हसू आलं नाही. तिने खुडलेली पानं उचलली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि तिथून नेहमीसारखी हाक मारली.

"यम्मा, इकडे ये गं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. तिने दारातून डोकावून पाहिलं. रीमासने मान वळवली होती, पण दाराकडे नाही. ती घुबडाच्या तोंडाकडे बघत होती, पुढचं ऐकायला.

सुहैरने फोन लावला.

"उस्ताद निदाल, 'यम्मा' हा शब्द घुबडाला कुणी शिकवला?"

"अरे वा, इतक्यात म्हणायला लागलं?" ते खूश झाले. "घरातलंच उचलतं ते. पोरांना परकं वाटू नये म्हणून."

"दिवा विझलेला असताना?"



"दिवा काय, पोरांसाठी असतो हो. त्यांना लुकलुकणारं आवडतं. तुम्ही तेवढं हो म्हणा, बाकीचं मी बघतो."

"कुणाचा फोन आहे, यम्मा?"

बाहेरच्या खोलीतून तिच्याच आवाजात प्रश्न आला. रीमास उत्तर देणार तेवढ्यात सुहैर बाहेर आली, टेबलापाशी उभी राहिली आणि फोन कानापासून दूर धरला. विझलेल्या दिव्याकडे बघत, माहेरच्या बोलीत, पलीकडे आणि समोर दोन्हीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

"नाही देणार मी माझा आवाज. घेतलाय तोही परत आणून द्या."