शहजादीचा आराम

शहजादीच्या बोटांना संधिवातानं सूज आली, तसं नवऱ्यानं, मजीदनं, तिला हिमरू शाली विणायच्या मागावरून उठवलं. दोन वर्षं त्यानं तिला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही.

आज नव्या डॉक्टरीणबाईंनी तिला मूठ मिटायला सांगितली. ती अर्धीच मिटली.

"औषधाबरोबर रोज हलका व्यायाम हवा होता. हातांची हालचाल बंद कुणी केली?"

"मीच. तिला लई दुखायचं," मजीद म्हणाला.

"माग चालवता येईल?" शहजादीनं विचारलं.

"दुखणं कमी होईल. पण आखडलेली बोटं पहिल्यासारखी होणं अवघड आहे."

घरी मजीदनं तिच्या हातात कणकेचा मऊ गोळा दिला. "दहा वेळा दाब. मी मोजतो."

"लई लाड केले, मियाँ," ती म्हणाली.

तिसऱ्या वेळी तिचा हात थांबला. मजीदला पुढचा आकडा म्हणवेना.