साहेबांनी नळ्या ठेवल्या

कोरियातल्या देजॉन शहराच्या कर्करोग प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं काचेची भांडी धुते. सगळे मला मावशी म्हणतात, प्राध्यापक मेंगसुद्धा.

त्या दिवशी मंत्रालयाचे पाहुणे आलेले, आणि ये-रिमच्या हातात दोन नळ्या. ये-रिम ही आमची संशोधक पोरगी. तीन महिने पेशी वाढवून, त्यांनी सोडलेल्या इवल्या इवल्या पिशव्या तिनं त्या नळ्यांत जमवल्या होत्या. आपल्या शरीरातल्या शिपाई पेशींना कर्करोगाची गाठ फितवते. मग त्या तिचीच राखण करत बसतात. या पिशव्यांत ये-रिमनं त्यांच्यासाठी निरोप भरला होता: लाज बाळगा, लढा! शनिवारी उंदरांना टोचायचं होतं. नळ्या फुटल्या तर पदवी पुढच्या वर्षावर.

"फोटो काढतायत ना? मग मीच ठेवतो," म्हणत मेंगसाहेबांनी नळ्या घेतल्या. नळ्या गरगर फिरवून आतलं सगळं तळाशी बसवणाऱ्या यंत्राला त्यांनी अकरा वर्षांत हात लावला नव्हता. दोन्ही नळ्या ठेवल्या शेजारी-शेजारी, लग्नाच्या फोटोतल्या नवरा-नवरीसारख्या.

नळ्या समोरासमोर हव्यात, हे भांडी घासणारीलाही ठाऊक. भार एकीकडे गेला की यंत्र थरथरतं नि नळ्यांचा चुरा.

ये-रिम पांढरीफटक. तिच्याहून थोरला संशोधक छत बघण्यात गुंग. चारचौघांत वरिष्ठाची चूक दाखवण्यापेक्षा आमच्याकडे यंत्र फुटलेलं परवडतं.

साहेबांचं बोट बटणाकडे गेलं.

"साहेब, तुमचं जन्मसाल कुठलं हो?" मी विचारलं.

"आत्ता? कुत्र्याचं. का?"

"माझं कोंबड्याचं." आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावं; कोंबड्याच्या पाठोपाठ कुत्र्याचं वर्ष येतं.

पाहुण्यांतल्या एक बाई फिसकन हसल्या. "म्हणजे या वर्षानं मोठ्या की!"

"मग मावशी कसली? ताई म्हण," मी साहेबांना म्हटलं. "आणि ताईचं ऐकण्यात कमीपणा नसतो. त्यातली एक नळी उचल. पार समोर ठेव. हां, तिथं."

साहेबांचे कान लाल झाले. पण हात हलला.

"हो, ताई," ते पुटपुटले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

दोन तासांनी ये-रिमनं नळी उजेडात धरली. तळाशी फिकट डाग, त्याच त्या पिशव्या. एरवी मी तो खसाखसा घासून टाकला असता.

"दिसतोय का, ताई?" चष्मा शोधत साहेबांनी विचारलं.

"दिसतोय. नाक पूस गं ये-रिम, नळीत पडेल."